लढाऊ विमानाचा रंग आणि त्याची प्रतिकृती : प्रस्तावना

लढाऊ विमानावरचा कॅमोफ्लाज नजर चुकवण्यासाठी असतो. वरून पाहणाऱ्या शत्रूच्या वैमानिकाला ते विमान शेतात, जंगलात किंवा वाळूत मिसळून गेलेले दिसावे आणि खालून पाहणाऱ्याला आकाशात, एवढाच त्याचा हेतू. प्रतिकृतीकाराचे काम याच्या अगदी उलट आहे. दिसू नये म्हणून जे रंगवले गेले, ते टेबलावर ठेवून हातभर अंतरावरून बारकाईने पाहिले जाणार असते. रंगांच्या सीमा, पायऱ्यांजवळ झिजलेली कड, इंजिनाच्या नळीमागची काजळी, घाईत बदललेला क्रमांक, यांवरून ते विमान कुठे उडाले, कोणत्या हवेत उभे राहिले आणि त्याची निगा कोणी कशी राखली, हे कळते. म्हणून या कलेतला पहिला प्रश्न ‘कोणता रंग?’ हा नसतो. कोणते विमान, कोणत्या तळावरचे आणि कोणत्या महिन्यातले, हा असतो. ‘हरिकेन’ विमानाचा रंग सांगता येत नाही. एका ठरावीक हरिकेनचा, एका ठरावीक ऋतूतला रंग सांगता येतो.

लढाऊ विमानांच्या प्रतिकृती मुख्यतः १/७२, १/४८, १/३२ आणि १/२४ या प्रमाणांत होतात. फॉलंड नॅटच्या पंखांचा विस्तार ६.७३ मीटर, १/७२ मध्ये तो सुमारे ९.३ सेंटिमीटर भरतो आणि विमान तळहातावर मावते. सुमारे २२ मीटर लांबीचे सुखोई-३० एमकेआय त्याच प्रमाणात ३० सेंटिमीटरचे होते. आकार असा हिशेबाने लहान होतो, रंग होत नाही. खऱ्या विमानावर हिरवा आणि तपकिरी रंग जिथे मिळतात तिथली धूसर पट्टी पाच सेंटिमीटर रुंद असेल, तर १/७२ मध्ये ती ०.७ मिलिमीटरची हवी. कुंचल्याने अशी पट्टी ओढणे जवळपास अशक्य आहे, आणि रंग फवारणाऱ्या एअरब्रशची गरज इथेच सुरू होते. पत्र्यांच्या सांध्यांचे गणितही असेच आहे. प्लास्टिकवर कोरलेली ०.२ मिलिमीटरची रेघ खऱ्या विमानावर १४ मिलिमीटरची फट ठरेल. तेवढी फट ठेवून कोणतेही लढाऊ विमान उडत नाही. प्रतिकृतीतली बरीचशी तपशीलबाजी ही अशी, डोळ्याच्या सोयीसाठी मान्य केलेली अतिशयोक्ती असते. ती किती चालवून घ्यायची यावरूनच या कलेत पंथ पडले आहेत.

विमाने रंगवून लपवण्याची कल्पना पहिल्या महायुद्धात रुजली. अमेरिकन चित्रकार ॲबट थेयर यांनी प्राण्यांच्या पाठीचा गडद आणि पोटाचा फिकट रंग यांमागचे तत्त्व त्याआधीच मांडले होते. वरून येणारा उजेड आणि खाली पडणारी सावली एकमेकांना खोडून काढतात आणि आकाराची गोलाई हरवते. फ्रेंच सैन्याने १९१५ मध्ये चित्रकारांची पथके लपवण्याच्या कामासाठी उभी केली. युद्धाच्या उत्तरार्धात जर्मनांनी बहुरंगी बहुकोनांची नक्षी छापलेले कापडच विमानांवर चढवले. दुसऱ्या महायुद्धापर्यंत या प्रयोगांना सरकारी नियमांचे रूप आले. ब्रिटिश हवाई दलाने वरच्या बाजूला ‘डार्क अर्थ’ आणि ‘डार्क ग्रीन’ हे दोन रंग ठरवले आणि त्यांच्या पट्ट्यांचा नकाशा काढून दिला; त्याच नकाशाची आरशातली आवृत्तीही होती, म्हणजे शेजारी उभी असलेली दोन विमाने सारखी दिसू नयेत. इंग्लिश खाडीवरच्या चकमकी अधिक उंचीवर होऊ लागल्या तेव्हा, ऑगस्ट १९४१ मध्ये, लढाऊ विमानांवरचा तपकिरी रंग जाऊन तिथे ‘ओशन ग्रे’ आला. जर्मन विमानांच्या कुशींवर फिकट राखाडीवर गडद ठिपके फवारलेले असत. अमेरिकनांनी १९४४ च्या सुमारास बहुतेक विमानांचा रंगच बंद केला: हवेत वरचष्मा मिळाल्यावर लपण्याची गरज उरली नव्हती, आणि रंग नसलेले विमान हलकेही होते.

हा इतिहास पाठ्यपुस्तकांत युरोपच्या आकाशावर संपतो. प्रस्तुत पुस्तक मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, आकाशाभोवती उभे आहे, आणि त्याला कारण आहे. या एका शहराच्या परिसरात लढाऊ विमानाच्या रंगाची जवळजवळ सगळी प्रकरणे घडली आहेत.

मद्रास इलाख्यातून जमलेल्या युद्धनिधीबद्दल ब्रिटिश हवाई दलाच्या तीन स्क्वाड्रनांच्या नावांत ‘मद्रास प्रेसिडेन्सी’ हे शब्द जोडले गेले: ७९, २३४ आणि २६४. त्यांपैकी ७९ व्या स्क्वाड्रनची हरिकेन विमाने १९४२ मध्ये खरोखरच हिंदुस्थानात आली आणि पुढे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढली. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये जपानी विमानवाहू नौकांचा ताफा बंगालच्या उपसागरात शिरला. ५ तारखेला कोलंबोवर, ६ तारखेला विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर, ९ तारखेला त्रिंकोमालीवर हल्ले झाले. मद्रास शहर धास्तीने रिकामे होऊ लागले, सरकारी कचेऱ्या आतल्या गावांत हलल्या. ताफा येत असल्याची पहिली बातमी ४ एप्रिलला कॅनडाच्या ४१३ व्या स्क्वाड्रनच्या कॅटलिना या उडत्या नौकेने दिली होती. पुढे मद्रासच्या उत्तरेला रेड हिल्स तलावावरही कॅटलिनांचा तळ झाला आणि २४० वे स्क्वाड्रन तिथून समुद्रावर पहारा देत राहिले. शहराची तहान भागवणारा हा तलाव त्या काळात विमानतळ होता, हे आज तिथून जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

ब्रह्मदेशाच्या आघाडीने विमानांच्या रंगात एक बदल घडवला, आणि प्रतिकृतीकारांच्या हातून हटकून चुकणारी जागा तीच आहे. ब्रिटिश चिन्हातले मधले तांबडे वर्तुळ दुरून जपानी सूर्यबिंबासारखे दिसे आणि आपल्याच तोफा आपल्याच विमानांवर रोखल्या जात. म्हणून आग्नेय आशियातल्या विमानांच्या चिन्हांतून तांबडा रंग काढून टाकण्यात आला. गडद निळ्या कड्यात फिकट निळे वर्तुळ उरले. १९४५ च्या सुरुवातीपासून नाकावर, पंखांवर आणि शेपटीवर ओळखीसाठी पांढरे पट्टेही आले. म्हणजे ज्या विमानाला जंगलात लपवायचे त्याच विमानाला आपल्या सैनिकांसाठी ठळकही करायचे. हिरव्या-तपकिरी हरिकेनवरचे हे निळे चिन्ह बाजारातल्या बहुतेक संचांतल्या छापील चिन्हांच्या, म्हणजे डिकॅलांच्या, पत्र्यांवर सापडत नाही. तिथे युरोपातले तांबडे वर्तुळच असते, आणि संचाबरोबर आलेले लावून टाकणारा कारागीर ब्रह्मदेशाच्या आघाडीवरच्या विमानाला नकळत इंग्लंडला नेऊन सोडतो.

स्वातंत्र्यानंतरच्या भारतीय हवाई दलाने ब्रिटिश परंपरा बरीचशी पुढे चालवली. हंटर विमाने कारखान्यातूनच गडद राखाडी आणि हिरव्या पट्ट्यांत आली. नॅट आणि मिस्तेर मात्र धातूच्या चकाकीत उडत. ६ सप्टेंबर १९६५ च्या संध्याकाळी पठाणकोटच्या धावपट्टीवर उभी असलेली विमाने पाकिस्तानी सेबर विमानांच्या हल्ल्यात जळाली. उन्हात चमकणारा पत्रा उघड्या तळावर किती धोक्याचा असतो हे त्या युद्धाने दाखवले आणि विमानांवर घाईघाईने रंग चढू लागले. १९७१ पर्यंत मिग-२१ एफएल विमाने हिरव्या-तपकिरी फटकाऱ्यांत दिसू लागली होती. हे काम बहुतांशी तळांवर, हाताशी आलेल्या रंगांनी झाले असल्याने एका स्क्वाड्रनचे विमान दुसऱ्याशी जुळत नाही. कधी एकाच स्क्वाड्रनमधली दोन विमानेही जुळत नाहीत. १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर रॉकेटे सोडणारी २८ व्या स्क्वाड्रनची मिग विमाने याच पिढीतली. मिग-२१ च्या भारतीय उत्पादनाचे केंद्र नाशिकजवळचे ओझर होते. त्यामुळे त्या विमानांची कथा मराठी वाचकाच्या अंगणातही येते.

मद्रासच्या बाजूने पाहिले तर उलट्या टोकाचा रंगही दिसतो. तांबरमला १९५४ पासून हवाई दलाची उड्डाण-प्रशिक्षकांची शाळा आहे. शिकाऊ वैमानिकाचे विमान दुरून दिसलेच पाहिजे, म्हणून तिथे भडक रंग हीच सुरक्षा. अरक्कोणमच्या आयएनएस राजाली या नौदलाच्या तळावर, जो ११ मार्च १९९२ ला कार्यान्वित झाला, आधी टीयू-१४२ आणि २०१३ पासून पी-८आय ही समुद्रावर गस्त घालणारी विमाने राहिली. समुद्र आणि ढग यांच्यामध्ये वावरणाऱ्या या विमानांना राखाडीच रंग साजतो. तंजावरला जानेवारी २०२० मध्ये सुखोई-३० चे २२२ वे स्क्वाड्रन उभे राहिले, आणि सुलूर हा तेजसच्या ४५ आणि १८ या स्क्वाड्रनांचा तळ राहिला. रडारच्या आणि क्षेपणास्त्रांच्या युगात हिरव्या-तपकिरी पट्ट्यांची जागा मंद राखाडीने घेतली. चिन्हेसुद्धा कधी कधी फिकी आणि लहान झाली. राखाडीवर राखाडी रंगवणे सोपे वाटते. प्रत्यक्षात दोन राखाड्यांमधला फरक टिकवून पृष्ठभाग जिवंत ठेवणे हे या कलेतले सर्वांत अवघड काम आहे, कारण तिथे पट्ट्यांच्या नक्षीआड लपायला जागा नसते.

प्रतिकृतींचा स्वतःचा इतिहास त्या मानाने लहान आहे. इंग्लंडमध्ये १९३६ मध्ये ‘फ्रॉग पेंग्विन’ या नावाने १/७२ प्रमाणातले प्लास्टिकचे संच आले. महायुद्धात याच १/७२ प्रमाणातल्या प्रतिकृती शत्रूची विमाने ओळखायला शिकवण्यासाठी वापरल्या गेल्या. अमेरिकेत १९४२ मध्ये शाळकरी मुलांकडून लाकडी ओळख-प्रतिकृती मोठ्या संख्येने करून घेतल्या गेल्या. एअरफिक्सचा पहिला स्पिटफायर १९५३ मध्ये आला, पिशवीतून विकला गेला आणि छंद घराघरांत पोचला. पुढे अमेरिकेचे मोनोग्राम आणि रेव्हेल, जपानचे तामिया आणि हासेगावा यांनी साच्यांची सफाई वाढवत नेली. एअरब्रश त्याहून जुना: १८७९ मध्ये आयोवातल्या ॲब्नर पीलर यांनी त्याचे पहिले रूप बनवले आणि १८९० च्या दशकात चार्ल्स बर्डिक यांनी आजच्या उपकरणाच्या जवळ जाणारे रूप दिले. तो सुरुवातीला छायाचित्रे सुधारण्यासाठी आणि जलरंगांसाठी होता. मराठी वाचकाला हे तंत्र परके नाही. पेणच्या गणपती कारखान्यांत अंगकांतीच्या छटा काँप्रेसरवरच्या गनने दिल्या जातात आणि डोळ्यांची आखणी मात्र कुंचल्यानेच होते. विमानाच्या प्रतिकृतीतही कामाची वाटणी अशीच असते: छटा फवाऱ्याची, रेषा कुंचल्याची.

या कलेतले पंथ साधारण चार दिशांनी वाढले. ब्रिटिश परंपरा कागदपत्रांवर उभी आहे: रंगाचे सरकारी नाव, त्याची तारीख, विमानाचा क्रमांक, आणि या सगळ्याला छायाचित्राचा आधार. १९६३ मध्ये ब्रिटनमध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल प्लास्टिक मॉडेलर्स सोसायटीने स्पर्धांमधून ही शिस्त जगभर नेली. अमेरिकेत शेपर्ड पेन यांनी १९७० च्या दशकात मोनोग्रामच्या संचांबरोबर येणाऱ्या पत्रकांतून दृश्ये कशी रचावीत हे हजारो मुलांना शिकवले. विमान एकटे न ठेवता त्याच्याभोवती माणसे, जीप, पिंपे मांडून एक प्रसंग उभा करायचा. बेल्जियमच्या फ्रांस्वा व्हर्लिंडेन यांनी १९८० च्या दशकात हीच दृष्टी रेझिनच्या आणि पितळी पत्र्याच्या सुट्या तपशिलांनी समृद्ध केली. जपानी पंथ साच्याच्या सफाईवर विश्वास ठेवतो: संच आहे तसा जोडा, सांधे दिसू देऊ नका, रंग एकसारखा लावा. आणि गेल्या दोन-तीन दशकांत स्पॅनिश कारागिरांनी रणगाड्यांच्या प्रतिकृतींतून आणलेली चित्रकाराची पद्धत विमानांतही शिरली. तिच्यात एका रंगाच्या दहा छटा करून प्रत्येक पत्र्याला वेगळा उजेड दिला जातो.

या शेवटच्या पंथाने कलेला मोठे वैभव दिले, हे मान्यच केले पाहिजे. तरी त्याचा अतिरेक विमानाला मारक ठरतो. रणगाडा चिखलात महिने काढतो. लढाऊ विमान रोज पुसले जाते, कारण पृष्ठभागावरची धूळ आणि खरखर वेग कमी करते. काळ्या रेषांनी चौकोन चौकोन केलेले विमान छायाचित्रात लक्षवेधी दिसते, पण तसे विमान कोणत्याही तळावर उभे नव्हते. १/७२ ची प्रतिकृती ३० सेंटिमीटरवरून पाहणे म्हणजे खरे विमान साडेएकवीस मीटरवरून पाहणे. त्या अंतरावरून जे दिसते तेच रंगवावे, ही या पुस्तकाची भूमिका आहे, आणि तिच्याशी मतभेद असणाऱ्यांनाही ती तपासून पाहता यावी म्हणून पुढे प्रत्येक ठिकाणी आधाराचे छायाचित्र कसे वाचायचे ते दिले आहे. रंग थोडा फिका करण्याची प्रथा याच युक्तिवादातून आली: १/७२ साठी सुमारे १५ टक्के, १/४८ साठी १० टक्के पांढरा मिसळावा, असे सांगितले जाते. हे आकडे नियम नव्हेत. राखाडीत एवढा पांढरा मिसळला तर विमान खडूसारखे होते. तिथे काही थेंब पुरतात.

आता प्रत्यक्ष काम. एअरब्रशमध्ये घोडा खाली दाबला की हवा सुटते आणि मागे ओढला की सुई मागे सरून रंग सुटतो. या दुहेरी क्रियेवर ताबा आला की बाकीचे बरेच काही आपोआप येते. विमानांसाठी ०.२ किंवा ०.३ मिलिमीटरचे नॉझल पुरते. पायाचा थर १५ ते २० पीएसआय दाबाने आठ-दहा सेंटिमीटरवरून द्यावा. जर्मन विमानांवरचे ठिपके किंवा मिगवरचे मुक्तहस्त फटकारे काढताना दाब दहाच्या आसपास आणावा, रंग अधिक पातळ करावा आणि नॉझल दोन-तीन सेंटिमीटरवर न्यावे. दाब आणि पातळपणा ही जोडी आहे. एक बदलले की दुसरे बदलावेच लागते, आणि नवशिक्यांचे बहुतेक डाग, कोळिष्टके आणि ओघळ ही जोडी मोडल्याने पडतात.

थरांचा क्रम ठरलेला आहे. जोडणी झाली की साबणाच्या पाण्याने धुणे, मग प्रायमर, जो सांध्यातली प्रत्येक फट उघडी पाडतो. मग खालची फिकी बाजू, मग वरचा फिका रंग, मग गडद. मऊ सीमा हवी असेल तर चिकट मळीच्या बारीक वळकट्या सीमेवर ठेवून त्यांच्या आडून फवारतात किंवा कागदी साचा पृष्ठभागापासून जरा उचलून धरतात. कडक सीमा हवी असेल तर मास्किंग टेप. मग चकचकीत वार्निश. इथे उतावळेपणा सर्वांत महाग पडतो. खडबडीत मॅट रंगावर डिकॅल बसवला की त्याच्याखाली हवा अडकते आणि पारदर्शक कड रुपेरी दिसू लागते. गुळगुळीत थरावर ती अडकत नाही. डिकॅलवर मऊ करणारा द्राव लावला की तो रिव्हेटांवर आणि सांध्यांत उतरतो. त्यानंतर पातळ तैलरंग पत्र्यांच्या रेषांत सोडणे, जादा पुसणे, झिजेचे मोजके ठिपके, नळीमागचा धूर, आणि शेवटी मॅट वार्निश, ज्याने सगळे थर एका पृष्ठभागावर येतात.

चेन्नईत हा क्रम तसाच राहतो, वेळापत्रक बदलते. हवेत ओल बहुतेक वर्षभर असते आणि ईशान्य मोसमी पावसात, ऑक्टोबर ते डिसेंबर, ती असह्य होते. लॅकर रंगातला द्राव झटकन उडताना पृष्ठभाग थंड करतो, त्यावर हवेतले पाणी जमते आणि चकचकीत थरावर दुधाळ सावट पडते. काँप्रेसरच्या नळीतही पाणी साठते आणि नेमक्या ठिपक्यांच्या वेळी थेंब थुंकते; म्हणून जलसापळा इथे ऐच्छिक राहत नाही, आणि शक्य तर टाकीचा काँप्रेसर घ्यावा. एप्रिल-मे मध्ये उलट अडचण: पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक सुईच्या टोकावरच वाळते, त्यात वाळणे लांबवणारा द्राव घालावा लागतो. दिवसातली वेळही पाहावी. पहाटे ओल सर्वाधिक असते, ऊन चढले की ती उतरते आणि दुपारी समुद्रावरून वारा सुरू झाला की पुन्हा वाढते. उशिराच्या सकाळचे दोन-तीन तास फवारणीला उत्तम. मुंबई, रत्नागिरी, पणजीच्या वाचकांना हे सगळे, पावसाचे महिने बदलून, लागू पडेल. पुण्या-नाशिकच्या वाचकांना पावसाळ्यापुरते.

साहित्याचा प्रश्न भारतात वेगळा आहे. ज्वलनशील रंगांच्या डब्या विमानाने साध्या टपालातून येत नाहीत, म्हणून परदेशी एनॅमल आणि लॅकर मिळणे अवघड आणि महाग. तैलरंगांच्या बाबतीत मात्र काही अडत नाही: १९३१ मध्ये दांडेकरांनी मुंबईत सुरू केलेल्या कंपनीचे कॅमल तैलरंग रेषांत सोडण्यासाठी आणि छटा देण्यासाठी पुरेसे चांगले आहेत. त्याच कंपनीचे चित्रकारांचे ॲक्रिलिक फवारता येते, पण त्याचे दाणे जाड असल्याने पातळ कापडातून गाळून घ्यावे लागते. हार्डवेअरच्या दुकानातले एनसी थिनर एअरब्रश धुण्यासाठी उत्तम. प्रतिकृतीवर कधीही नाही, ते पॉलिस्टायरीन वितळवते. आणि कोणताही रंग फवारताना खिडकी उघडी आणि नाकावर गाळणीचा मुखवटा हवाच. पाण्यातल्या ॲक्रिलिकचे तुषारही फुप्फुसात जातात, हे लक्षात ठेवावे.

तपशील वाढवण्याचे काम रंगाच्या आधी सुरू होते आणि नंतर संपते. वैमानिकाची कोठी बंद होण्याआधी रंगवावी लागते, कारण नंतर आत सुई शिरत नाही. खुर्चीचे पट्टे शिशाच्या पत्र्याचे किंवा कागदाचे, चाकांजवळच्या नळ्या बारीक तांब्याच्या तारेच्या, ॲंटेना ताणून पातळ केलेल्या प्लास्टिकच्या: हे सगळे घरी होते. पितळी पत्र्याचे आणि रेझिनचे तयार भाग घ्यायला हरकत नाही, पण ते लावले म्हणून प्रतिकृती अचूक होत नाही. नॅटच्या कोठीत रुपेरी झिजेचा ठिपका वैमानिकाचे बूट जिथे टेकतात तिथे हवा. उगाच कोपऱ्यात पडलेला ठिपका सगळ्या पितळी भागांवर पाणी फिरवतो. विमानवाहू नौकेवरच्या विमानांचा विचार आणखी वेगळा. डिसेंबर १९७१ मध्ये आयएनएस विक्रांतवरून चितगाव आणि कॉक्स बझारवर गेलेली सी हॉक विमाने खाऱ्या वाऱ्यात राहत. त्यांच्यावर धुळीपेक्षा मीठ, तेल आणि पुन्हा पुन्हा केलेली डागडुजी जास्त दिसते.

हा विषय आत्ता मराठीत आणण्याचे कारण काळाशी जोडलेले आहे. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ची सेवा संपली. १९६३ पासून चाललेल्या त्या विमानाचा शेवटचा रंग आता छायाचित्रांतच उरेल. डॉ. कुर्ट टँक यांनी बंगळुरूत रचलेले, १७ जून १९६१ ला प्रथम उडालेले मरुत त्याआधीच गेले. एकूण १४७ बनलेल्या मरुतांपैकी काही संग्रहालयांत आहेत: मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात एक आहे, चेन्नईच्या पेरियार विज्ञान केंद्रातही एक. पण उघड्यावर उभ्या असलेल्या संग्रहालयातल्या विमानावर ऊन-पावसामुळे पुन्हा पुन्हा रंग चढतो, तो बाजारातला असतो आणि पट्ट्यांचा नकाशाही हळूहळू सरकतो. अशा विमानावरून आकार, रिव्हेट, चाकांची विहीर मोजावी. रंग मोजू नये. जुनी कृष्णधवल छायाचित्रेही फसवतात. तांबड्याला न जाणणाऱ्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर भारतीय चिन्हातले केशरी कडे काळपट येते आणि ब्रिटिश चिन्हातले निळे जवळजवळ पांढरे. आणि मोठ्या कंपन्यांच्या याद्यांत मरुत सहजी सापडत नाही. टँक यांचेच फॉक-वुल्फ १९० मात्र प्रत्येक प्रमाणात मिळते.

म्हणजे भारतीय विमान अचूक रंगवणाऱ्याला संशोधकाचे काम करावे लागते. पी. व्ही. एस. जगनमोहन आणि समीर चोप्रा यांच्या १९६५ आणि १९७१ च्या हवाई युद्धांवरच्या पुस्तकांनी स्क्वाड्रने, तारखा आणि विमानांचे क्रमांक यांचा पाया घातला आहे. त्याच्या पुढचे काम, म्हणजे कोणत्या महिन्यात कोणत्या विमानाच्या पंखावर कोणता हिरवा होता, हे निवृत्त वैमानिकांच्या आणि तंत्रज्ञांच्या घरातल्या अल्बमांत पडून आहे. त्या पिढीतले अनेक जण आज ऐंशीच्या पुढे आहेत. त्या फोटोंच्या मागे लिहिलेला तळ आणि वर्ष नोंदून ठेवणे हे एखाद्या सुबक प्रतिकृतीइतकेच मोलाचे काम आहे, आणि छंद म्हणून ते करणारी माणसे आज याच क्षेत्रात आहेत.

६ ऑक्टोबर २०२४ ला मरिना किनाऱ्यावर हवाई दलाच्या प्रात्यक्षिकांसाठी लोटलेली गर्दी पाहता विमानांविषयीच्या ओढीची कमतरता नाही. कमतरता आहे ती भारतीय भाषांतल्या हातपुस्तकांची. या पुस्तकाने म्हणून सहा विमाने निवडली आहेत: ब्रह्मदेशच्या आघाडीवरचे हरिकेन, रेड हिल्सवरची कॅटलिना, १९६५ चे रुपेरी नॅट, १९७१ चे मिग-२१ एफएल, मरुत, आणि तंजावरचे सुखोई. निवड सोपी-अवघड अशा चढत्या क्रमाने नाही, रंगाच्या समस्येनुसार आहे. हरिकेन ठरीव नकाशाची शिस्त शिकवते; कॅटलिना मोठ्या पृष्ठभागावर एकसारखा थर; नॅट धातूची चकाकी, जिच्याखालचा प्रत्येक ओरखडा उघडा पडतो; मिग मुक्तहस्त फटकारे; मरुत अपुऱ्या पुराव्यावरून निर्णय; सुखोई राखाडीतला फरक. प्रत्येक ठिकाणी आधी पुरावा, मग त्यावरून घेतलेला निर्णय आणि मग कृती, असा क्रम आहे, आणि निर्णय जिथे अंदाजाचा आहे तिथे तो अंदाज म्हणूनच सांगितला आहे.

रेडिओवर उडणाऱ्या प्रतिकृती, कागदी विमाने आणि त्रिमितीय छपाईने संपूर्ण विमान घडवणे हे विषय इथे घेतलेले नाहीत. छपाईचा उल्लेख सुट्या भागांपुरताच येतो. रंगांची ब्रिटिश आणि अमेरिकन सरकारी नावे तशीच ठेवली आहेत, कारण डबीवर तीच छापलेली असतात, आणि त्यांच्याशी जुळणारी भारतात मिळणारी मिश्रणे प्रमाणासह दिली आहेत. ती मिश्रणे वापरण्याआधी प्रत्येकाने पांढऱ्या प्लास्टिकच्या तुकड्यावर फवारून, वाळल्यावर, दिवसाच्या उजेडात तपासावीत. ओला रंग आणि वाळलेला रंग यांत फरक पडतो, आणि मॅट वार्निशनंतर तो आणखी एकदा बदलतो.